विशाखापट्टणमचा किनारा ते बोर्रा गुहा : खर्चाचा हिशेब

विशाखापट्टणमला समुद्र पाहायला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एक दिवस बोर्रा गुहांसाठी राखून ठेवावा. शहरापासून गुहा साधारण 90 किलोमीटरवर, अनंतगिरीच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंचीवर आहेत. पुढे अरकू खोरे धरले, तर शहरापासूनचे अंतर साधारण 115 किलोमीटर होते. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्यांना इथे वेगळेच काही दिसते. आपली लेणी माणसांनी बेसॉल्टमध्ये कोरली, तर बोर्रा चुनखडीत पाण्याने तयार केली. पावसाचे किंचित आम्लयुक्त पाणी दगड विरघळवत खाली झिरपते आणि ठिबकताना चुना मागे ठेवते. त्यातून छतापासून लोंबणारे आणि जमिनीतून वर आलेले लवणस्तंभ घडतात. या गुहांशी जोडलेली गोस्थनी नदी पुढे भीमुनिपट्टणमजवळ बंगालच्या उपसागराला मिळते.

वाट कशी आहे?

पेंदुर्ती, कोत्तवलसा, शृंगवरपुकोटा (स्थानिक लोक ‘एस. कोटा’ म्हणतात) आणि मग अनंतगिरीचा घाट. एस. कोटापर्यंत रस्ता सपाट आहे. त्यानंतर वळणे, दरी आणि कॉफीचे मळे सुरू होतात. मुख्य रस्ता सोडून गुहांकडे जाणारा फाटा लागतो. फाट्यावरचा हा फेरा आणि अरकूपर्यंतची जा-ये धरून दिवसभरात सुमारे 250 किलोमीटर होतात. सकाळी सहाला निघालात, तर वाटेत थांबत दहाच्या सुमारास गुहा उघडतात तेव्हा पोहोचाल. उशिरा पोहोचलात, तर गर्दीत रांग लागते आणि अरकूला घाईघाईने जावे लागते.

एका दिवसाचा खर्च

या सहलीत तिकिटे स्वस्त आणि वाहन महाग असते. त्यामुळे माणशी खर्च ठरतो तो गाडीत किती जण बसतात यावर. खालचे आकडे अंदाजपत्रकासाठी धरलेले आहेत. डिसेंबर-जानेवारी आणि सलग सुट्ट्यांत गाडी व खोलीसाठी त्यात पाव हिस्सा वाढवून ठेवा.

चार प्रौढ, छोटी गाडी :
- चालकासह गाडी, दिवसभर : 5,000 रुपये
- पार्किंग, टोल व किरकोळ : 300
- गुहा, अरकूचे आदिवासी संग्रहालय आणि बाग यांची तिकिटे, माणशी 250 : 1,000
- नाश्ता, जेवण, चहा-कॉफी, माणशी 400 : 1,600
- एकूण 7,900, म्हणजे माणशी 1,975

सहा जण मोठ्या गाडीतून गेले, तर गाडीचे 7,000 धरूनही एकूण 11,200 होतात आणि माणशी खर्च 1,870 च्या आत राहतो. दोघेच छोट्या गाडीने गेले, तर मात्र तो 3,300 वर जातो.

स्वतः चालवायची गाडी भाड्याने घेणार असाल, तर घाटात लिटरला 12 किलोमीटरच धरा. 250 किलोमीटरला 21 लिटर लागेल. पेट्रोल 110 रुपयांनी धरले, तर 2,310 रुपये होतात. त्यात गाडीचे भाडे आणि अनामत रक्कम मिळवा. घाटाची सवय नसेल, तर या बचतीच्या मागे लागू नका.

दोघांसाठी रेल्वे

कोत्तवलसा-किरंदुल हा लोहमार्ग 1960 च्या दशकात बैलाडिलाचे लोहखनिज बंदरावर आणण्यासाठी बांधला गेला. बोगद्यांमधून आणि पुलांवरून जाणाऱ्या या मार्गावर ‘बोर्रा गुहालु’ हे स्थानकच आहे. किरंदुलची गाडी विशाखापट्टणमहून सकाळी लवकर सुटते. साध्या डब्याचे तिकीट शंभर रुपयांच्या आत मिळते. काचेच्या छताचा विस्टाडोम डबा 2017 पासून आहे. त्याचे भाडे कितीतरी पट जास्त असते आणि आरक्षण आधी करावे लागते.

दोघांचे साध्या डब्याने जाणे-येणे 400, रिक्षा किंवा जीप 600, गुहेची तिकिटे 300 आणि जेवण 800 धरले, तर एकूण 2,100 होतात. म्हणजे माणशी 1,050. या पैशांत अरकू होत नाही, पण गुहा निवांत पाहता येतात.

मुक्काम केल्यास

चौघांसाठी दोन दिवसांची गाडी 8,500, चालकाचा भत्ता 500, दोन खोल्या 5,000, जेवण 3,600, तिकिटे 1,000, पार्किंग व किरकोळ 400. एकूण 19,000, म्हणजे माणशी 4,750. सोबत लहान मुले किंवा गुडघे दुखणारी वडीलधारी माणसे असतील, तर हा खर्च जरूर करा. गुहेत पायऱ्या बऱ्याच उतरून पुन्हा चढाव्या लागतात, जमीन ओलसर असते आणि त्यानंतर लगेच घाट उतरणे त्रासाचे ठरते.

गाडी ठरवताना विचारा

1. भाडे ठोक आहे की किलोमीटरवर? किलोमीटरवर असेल, तर मर्यादा 250 च्या वर हवी.
2. टोल, पार्किंग आणि चालकाचा भत्ता भाड्यात धरला आहे का?
3. बोर्रा, घाटातले गालिकोंडा दृश्यस्थळ आणि अरकू या तिन्ही ठिकाणी गाडी थांबेल का?
4. कटिकी धबधब्याला वेगळी जीप लागते. तिचे पैसे कोण देणार?
5. रात्री उशीर झाला, तर जादा आकार किती?

उत्तरे मोबाइलवर लिहून मागवा. आंध्र प्रदेश पर्यटन महामंडळाच्या एकदिवसीय सहलीही असतात. त्यांत जेवण आणि प्रवेश तिकिटे धरली आहेत का, एवढे विचारून माणशी खर्चाशी तुलना करा.

सोबत काय, खरेदी कोणती?

न घसरणाऱ्या तळाचे बूट, पाणी, घाट लागणाऱ्यांसाठी उलटीची गोळी आणि सुटे पैसे घ्या. कॅमेऱ्याचे वेगळे तिकीट असू शकते. गुहेबाहेर माकडे फार, त्यामुळे खाऊची पिशवी हातात धरू नका. अरकूच्या अरेबिका कॉफीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आदिवासी शेतकऱ्यांची ही कॉफी पाकिटावरचे नाव आणि तारीख पाहून घ्या.

महाराष्ट्रातून

मुंबई, पुणे, सोलापूरकरांना कोणार्क एक्स्प्रेस आणि नागपूर, गोंदियाकरांना समता एक्स्प्रेस थेट विशाखापट्टणमला नेते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ.

चार किंवा अधिक जण असाल, तर ठोक भाड्याची गाडी घ्या. दोघेच असाल, तर रेल्वे. वडीलधारी मंडळी सोबत असतील, तर एक मुक्काम. आणि गुहेतल्या लवणस्तंभांना हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका. हाताचे तेल आणि घाम लागलेल्या जागी त्यांची वाढ खुंटते, आणि मोडलेला तुकडा आपल्या हयातीत पुन्हा घडत नाही.