अंगणवाडीतील बालकांना चित्रकारांची ओळख

पूर्वप्राथमिक वयातील बालकांना नामवंत चित्रकारांची ओळख करून द्यावी, असा विचार अनेक ठिकाणी मांडला जातो. विचार स्तुत्य आहे. परंतु तो अमलात आणताना बहुधा असे घडते की, भिंतीवर चित्रकाराची तसबीर लागते, छापील बाह्यरेषांचे कागद वाटले जातात आणि तीस मुलांकडून एकसारखी तीस चित्रे रंगवून घेतली जातात. यात चित्रकाराची ओळख होत नाही. शिक्षिकेच्या टापटिपीची मात्र होते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला जन्मसाल आणि कीर्ती यांचे काहीच वाटत नाही. त्या माणसाने हातात काय घेतले आणि ते कशावर ओढले, हे त्याला स्वतः करून पाहावयाचे असते.

या संदर्भात डहाणू तालुक्याचे उदाहरण उद्बोधक आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाड येथे गेले. आदिवासी मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे पाहून ताराबाई व अनुताई वाघ यांनी शाळाच पाड्यावरील अंगणात नेली. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने व खडे आणले. त्याच तालुक्यातील गंजाड येथे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) राहत. लहानपणी आई वारल्यावर हा मुलगा बोलेनासा झाला व धुळीत चित्रे काढून आपले म्हणणे सांगू लागला, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. वारली चित्रे परंपरेने लग्नप्रसंगी सुवासिनी भिंतीवर काढीत. म्हसे यांनी १९७० च्या दशकात ती कागदावर आणली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता हेच चित्रकार बालकांपुढे कसे आणावेत? पहिल्या दिवशी नावही घेऊ नये. अंगणात चाळलेली माती पसरावी आणि मुलांना बोटाने, काडीने हवे ते काढू द्यावे. मग एवढेच सांगावे की, एक मुलगा होता, तो बोलत नसे, तो असेच धुळीत काढी. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर गेरूचा हात द्यावा. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून त्यात थोडा डिंक घालावा. बांबूच्या काडीचे टोक सेविकेने दगडाने ठेचून कुंचल्यासारखे करावे व पाच-सहा मुलांच्या गटाला द्यावे. वीस मिनिटे पुरेशी होतात. त्यानंतर म्हसे यांचे एखादे छापील चित्र दाखवून नाव सांगावे. हातांना पीठ लागलेली मुले ते चित्र निराळ्या नजरेने पाहतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. वारली मनुष्याकृती दोन त्रिकोणांची असते, म्हणून मुलांकडून त्रिकोण गिरविण्याचा मोह होतो. परंतु सर्वसाधारणपणे तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मूल वर्तुळ काढू शकते, चौकोन चौथ्या-साडेचौथ्या वर्षी जमतो आणि त्रिकोण पाचव्या वर्षाच्या सुमारास. तीन वर्षांच्या मुलापुढे त्रिकोण ठेवला तर त्याला प्रथम अपयशाची ओळख होते, चित्रकाराची नव्हे. त्याच्या गोल माणसाला पाय फुटले असतील तर ते तसेच असू द्यावेत. लग्नातील देवचौक हा श्रद्धेचा विषय आहे. तो खेळ म्हणून काढून घेऊ नये.

परदेशी चित्रकारांपैकी आंरी मातीस या वयास सोयीचे आहेत. १९४१ मधील शस्त्रक्रियेनंतर ते बराच काळ अंथरुणाला व चाकांच्या खुर्चीला खिळले, तेव्हा रंगविलेले कागद कात्रीने कापून त्यांनी चित्रे रचली. लहान मुलांनी कागद फाडावेत, मोठ्यांनी बोथट कात्रीने कापावेत. चिकटविण्यास चिंचोक्याची खळ चालते. बंगालचे यामिनी राय यांनीही चिंचोक्याची खळ, काजळी, खडू व खनिज माती वापरली होती. त्यांची ओळख या खळीच्या भांड्याजवळच करून द्यावी. हळद, गेरू आणि कोळशाची पूड खळीत कालवून मुलांनी स्वतःचे रंग तयार करावेत. बाजारी होळीचे रंग मात्र कटाक्षाने टाळावेत.

डहाणूची सामग्री सर्वत्र जशीच्या तशी नेण्याचे कारण नाही. हुबळीलगतच्या तारिहाळचे पाहा. येथे शेती आहे आणि औद्योगिक वसाहतही आहे. उत्तर कर्नाटकात ज्येष्ठ अमावास्येला मातीचे बैल करून पुजतात, त्या सणाला कन्नडमध्ये ‘मण्णेत्तिन अमावास्ये’ म्हणतात. त्या सुमारास बैल घडविणाऱ्या एखाद्या आजोबांना अंगणवाडीत बोलवावे. त्यांच्या शेजारी बसून मातीचा गोळा दाबणाऱ्या मुलास कलावंत हा केवळ पुस्तकात असतो असे वाटणार नाही. मराठी बोलणारी आणि कन्नड बोलणारी मुले एकत्र असतील तेथे या कामास भाषेची अडचण पडत नाही. दोन्ही भाषांत शिंगे, शेपटी, वशिंड यांचे शब्द मुले परस्परांकडून उचलतात. कारखान्यांच्या बांधणीचे पुठ्ठे कोरडे व स्वच्छ असल्यास जरूर आणावेत, परंतु रंगाचे रिकामे डबे किंवा धातूचा कीस आवारात येऊ देऊ नये.

तयार कामे शिक्षिकेने सुधारू नयेत आणि त्यांना क्रमांकही देऊ नयेत. स्पर्धेचे बक्षीस एकाला मिळते व उरलेली मुले खडू खाली ठेवतात, हा अनेकांचा अनुभव आहे. चित्रे बालकांच्या नजरेच्या उंचीवर दोरी बांधून लावावीत. चित्र दाखवायला आलेल्या मुलास ‘हे काय आहे?’ असे विचारण्याऐवजी ‘हे तू कसे केलेस?’ असे विचारावे व उत्तर त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहून ठेवावे. मासिक सभेला आलेल्या पालकांना तेच वाचून दाखवावे.