अ‍ॅव्हरेज नेमकं जातं कुठे?

दीड लाख किलोमीटर पळालेली गाडी लिटरला १६ द्यायची ती १२ वर आली, की मालकाला पहिला संशय येतो इंजिनाचा. इंजिन थकलं, आता काम काढावं लागणार, असं तो घरीच ठरवून गॅरेजमध्ये जातो. गिऱ्हाईकच इंजिनकाम मागतंय म्हटल्यावर समोरचा नाही कशाला म्हणेल? तेवढं धाडस नसेल तर प्लग बदल, इंजेक्टर साफ कर, टाकीत कसलीशी बाटली ओत, असं करत पैसे जात राहतात आणि अ‍ॅव्हरेज जिथल्या तिथे. माझं म्हणणं असं की घसरलेलं अ‍ॅव्हरेज बहुतेक वेळा इंजिनाच्या पोटात नसतंच. ते आसपासच्या स्वस्त, कुणी ढुंकूनही न पाहिलेल्या जागी गळत असतं. आणि गळती सापडण्याआधी सुटे भाग बदलत सुटणं हा शुद्ध जुगार आहे.

म्हणून सुरुवात मोजण्यापासून. एकाच पंपावर, नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल करायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, पुन्हा तशीच फुल करायची आणि लागोपाठच्या तीन-चार टाक्यांची सरासरी काढायची. दोनशे रुपयांचं पेट्रोल टाकून ‘अंदाजे इतकी चालली’ या हिशोबाला काही अर्थ नाही. टायर मूळ मापापेक्षा उंच बसवले असतील तर मीटर कमी अंतर दाखवतो आणि गाडीवर नसलेला आळ येतो, हेही ध्यानात ठेवावं. वर्षाला ८,००० किलोमीटर धरले, तर १० ची गाडी १२ वर आणल्यास ८०० लिटरऐवजी साधारण ६६७ लिटर लागतात, म्हणजे १३३ लिटर वाचतात. तीच १६ ची १८ वर नेली तर वाचतात फक्त ५६. वाढ दोन्हीकडे दोनाचीच, पण पेट्रोल शंभर रुपये धरलं तर पहिल्या गाडीवर तेरा हजार खर्च वर्षात निघतो, दुसरीवर तो काढायला दोन वर्षांहून जास्त लागतात. खूप घसरलेल्या गाडीवर खर्च करावा. ठीक चाललेल्या गाडीला आणखी पिळू नये.

आता गळतीच्या जागा. त्यातली सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह. इंजिन साधारण ८०-८५ अंशांपर्यंत तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणं एवढंच त्याचं काम. तो बंद अवस्थेत अडकला की गाडी तापते. मग मेकॅनिक तो काढून फेकतो आणि वर सांगतो, ‘आपल्याकडच्या उन्हात हा लागतच नाही.’ गाडी तापायची थांबते, मालक खूश. पण आता इंजिन पुरतं गरमच होत नाही. इंजेक्शनच्या गाडीतला कॉम्प्युटर कूलंटचं तापमान बघतो, इंजिन अजून गारच आहे असं समजतो आणि थंड इंजिनाला द्यावं तसं जादा पेट्रोल देत राहतो. थंडीत सकाळी हायवेला दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावरही तापमानाचा काटा मधोमध येत नसेल तर संशय घ्यायला हरकत नाही. खात्री करायला गाडी थंड असताना चालू करून, पंख्यापासून हात सांभाळत, रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीला अधूनमधून हात लावावा. व्हॉल्व्ह शाबूत असेल तर नळी काही मिनिटं गार राहते आणि मग एकदम तापते. पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेली तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय किंवा जागेवर नाहीच. काही शे रुपयांची वस्तू, पण तिच्या नावाने इंजिनाला दोष जातो.

दुसरी जागा चिकटलेले ब्रेक. पुढच्या कॅलिपरच्या पिना ग्रीसवाचून सुकतात, मागे हँडब्रेकची केबल गंजून अर्धवट ओढलेली राहते. कोकणातल्या दमट खाऱ्या हवेत किंवा पावसाळाभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत हे हमखास. ब्रेक फारसा न मारता आठ-दहा किलोमीटर चालवून चारही चाकांच्या रिमजवळ हात नेला तर जास्त तापलेलं चाक लगेच कळतं. जॅकवर उचलून हाताने फिरवलं की उरलेली शंकाही जाते. टायरमधली हवा थंड टायरवर बघायची आणि दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर दिलीय तेवढीच भरायची. अलाइनमेंट, छतावरचं रिकामं कॅरिअर, डिकीतलं सामान ही नेहमीची यादी सर्वांना ठाऊक आहे.

एअर फिल्टरवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण तो बदलला की अ‍ॅव्हरेज वाढतं ही समजूत फार घट्ट बसली आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती ८०० ला ती लागू होती. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही त्या मानाने कमी करतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने अशा गाड्या तपासून २००९ मध्ये हेच दाखवलं की तुंबलेल्या फिल्टरने गाडीचा उठाव मरतो, अ‍ॅव्हरेजवर म्हणावा असा परिणाम होत नाही. फिल्टर बदलावाच, पण इंजिन नीट राहावं म्हणून. उलट बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर गुपचूप भरपूर पेट्रोल पितो. ‘चेक इंजिन’चा दिवा महिनोन्‌महिने पेटलेला असताना त्यावर चिकटपट्टी लावणारे महाभाग आहेत! धूर दिसू नये म्हणून कंपनीने सांगितलेल्यापेक्षा जाड ऑइल ओतणं हाही त्यातलाच प्रकार; जाड ऑइल ढवळायलाही पेट्रोलच लागतं.

यावर कोणी म्हणेल, दोष गाडीचा नाहीच, पेट्रोलचा आहे. त्यात आता २० टक्के इथेनॉल असतं. यात तथ्य आहे. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, म्हणून या मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या मानाने सहा-सात टक्के घट निघते. पण १६ ची गाडी त्या हिशोबाने १५ वर यावी. बाराची जबाबदारी इथेनॉलवर ढकलता येत नाही. मात्र जुन्या गाडीच्या रबरी इंधननळ्या आणि सील यांना हे मिश्रण मानवत नाही, तेव्हा त्या तपासून घ्याव्यात. त्या पाझरू लागल्या तर प्रश्न अ‍ॅव्हरेजचा न राहता आगीचा होतो.

सीएनजी बसवून मोकळं व्हा, असाही सल्ला मिळतो. किलोमीटरमागे खर्च उतरतो हे खरं. पण चिकटलेला ब्रेक गॅसही तितक्याच आनंदाने खातो, आणि कमजोर प्लग-कॉइल पेट्रोलवर निभावतात ते गॅसवर झटके देऊ लागतात. शिवाय डिकी जाते, आरसी बुकात नोंद करावी लागते, दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी येते. आधी गाडी सुधारावी, मग किटचा विचार. पेट्रोलच्या नळीला बांधायची चुंबकं आणि लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायची यंत्रं यांवर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभराहून जास्त उपकरणं तपासली, त्यातली उपयोगी ठरली ती अगदी मोजकी, आणि त्यांचाही फायदा किरकोळच.

राहता राहिला सर्वांत रास्त आक्षेप: इंजिन खरंच झिजलेलं असेल तर? असू शकतं, पण ते अंदाजाने ठरवायचं नाही. गरम इंजिनाचे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजता येतं, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. सगळे आकडे गाडीच्या मापात आणि एकमेकांच्या जवळपास असतील तर इंजिनकामाचा विषय तिथेच संपला. एखादा बराच खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावं. आकडा वर आला तर रिंगा गेल्या, हलला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हचं काम हेड उतरवून होतं, पूर्ण इंजिन खोलावं लागत नाही. रिंगांचं निघालं आणि गाडी पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर असेल, तर फेरनोंदणी, पर्यावरण कर आणि खालच्या पत्र्याचा गंज हे तिन्ही खर्च त्याच कागदावर मांडावेत. पत्रा सडला असेल तर मी त्या इंजिनावर पैसे घालणार नाही.