जमिनीचा आवाज

अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर एका मारेकऱ्याने गोळ्या झाडल्या. त्यांपैकी एक गोळी पाठीतून शिरून शरीरात रुतून बसली. क्ष-किरणांचा शोध लागावयास अद्याप चौदा वर्षांचा अवकाश होता. त्यामुळे गोळी नेमकी कोठे आहे, हे वैद्यांना कळेना. अशा वेळी दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल मदतीस धावून आले. शरीर न कापता आतील धातू हुडकणारे यंत्र त्यांनी थोड्याच दिवसांत सिद्ध केले. तारेचे वेटोळे रुग्णाच्या अंगावरून फिरवावयाचे आणि धातू जवळ आला की कानाशी धरलेल्या दूरध्वनीत आवाज उमटावयाचा, अशी त्याची योजना होती.

२६ जुलै रोजी पहिला प्रयोग झाला. परंतु यंत्रातून सारखी खरखर ऐकू येऊ लागली. यंत्रातील एक जोडणी चुकीची झाली होती, असे मागाहून आढळले. ती दुरुस्त करून १ ऑगस्टला पुन्हा प्रयोग केला. या वेळी खरखर नव्हती, पण एका ठिकाणी आवाज येण्याऐवजी मोठ्या भागावर सर्वत्र मंद आवाज येत राहिला. अध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारांची दुसरी गादी होती, हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते! शिवाय वैद्यांनी गोळी उजव्या अंगास असल्याचे धरले होते. ती पाठीच्या कण्याच्या डावीकडे होती. जखमेतील जंतुसंसर्ग वाढत गेला आणि १९ सप्टेंबर रोजी अध्यक्षांचे निधन झाले.

विद्यार्थिमित्रांनो, या दोन अपयशांतील भेद नीट लक्षात घ्या. पहिल्या वेळी दोष यंत्रात होता. दुसऱ्या वेळी यंत्र आपले काम करीत होते. ते खाटेचे लोखंड सांगत होते. गोंगाट म्हणजे बिघाडच असे नव्हे. पुष्कळदा तो आपण न विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर असतो.

आजचा मेटल डिटेक्टर, म्हणजे धातुशोधक, त्याच जातीचा आहे. लांब दांड्याच्या टोकाला असलेल्या तबकडीत तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात नाणे आले, तर नाण्याच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचेही एक क्षीण क्षेत्र उत्पन्न होते. दुसरे वेटोळे ते टिपते, आणि यंत्र बोलते.

परंतु नवशिक्याच्या हाती यंत्र आले की ते बहुधा गप्प राहतच नाही. पाऊल टाकावे तेथे किरकिर! अशा वेळी यंत्राला दोष देण्यापूर्वी कारणाचा माग काढावा. कारणे तीन ठिकाणी असू शकतात : यंत्रात, हवेत किंवा जमिनीत. तबकडी जमिनीपासून उंच उचलून स्थिर धरावी. तरीही किरकिर चालू राहिली, तर दोष जमिनीचा नाही, हे उघड आहे. मग तबकडीची तार हळूच हलवून पाहावी. आवाज बदलला, तर जोडणी सैल आहे. बॅटरी उतरली आहे काय, तेही पाहावे. हे सर्व ठीक असेल, तर आसपास विजेच्या तारा, विद्युत् कुंपण किंवा दुसरा धातुशोधक आहे काय, याचा शोध घ्यावा. तेथून दूर जाताच यंत्र शांत झाले, तर कारण सापडलेच.

आणि तबकडी उंच धरल्यावर यंत्र शांत राहते, पण खाली आणताच ओरडू लागते, असे झाले तर? मग खाली धातूचा तुकडा तरी आहे, नाही तर जमीनच बोलत आहे. दोन पावले सरकून पुन्हा पाहावे. जागोजाग तोच आवाज येत असेल, तर तो जमिनीचा समजावा.

आपल्या महाराष्ट्रात तर जमीन मोठ्याने बोलते. दख्खनच्या पठाराचा काळा कातळ बसाल्टचा आहे व त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे सूक्ष्म कण विखुरलेले आहेत. कोकणातील जांभ्याचा तांबडा रंगही लोहाचाच. समुद्रकाठची ओली वाळू खाऱ्या पाण्यामुळे वीज वाहून नेते. तीही यंत्राला भुलविते. नदीतील कोरड्या वाळूतून कागदात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवून पाहा. कागदाला काळे कण चिकटतील. यंत्राला ऐकू येतो तो असल्याच कणांचा आवाज.

यावर उपाय कोणता? पहिला उपाय सर्वांना सुचतो : यंत्राची संवेदनक्षमता कमी करावी. थोडी कमी करणे पुष्कळदा आवश्यकही असते. परंतु ती फार कमी केली, तर गोंगाटाबरोबर खोल दडलेला धातूही मुका होतो. कान झाकून घेतल्यावर गलबला थांबतो हे खरे. पण मग हाकही ऐकू येत नाही.

दुसरा उपाय म्हणजे भूसंतुलन. लोहखनिजाचा प्रतिसाद जवळजवळ तत्काळ उमटतो; धातूतील भोवरी प्रवाहांचा प्रतिसाद क्षणाच्या अत्यल्प अंशाने मागे रेंगाळतो. या भेदामुळे दोन आवाज वेगळे ओळखता येतात. जमिनीच्या प्रतिसादाची चाल यंत्राला नेमकी शिकविली की यंत्र तेवढाच प्रतिसाद वजा करते. यासाठी प्रथम धातू नसलेली जागा निवडावी. यंत्राची मंद गुणगुण ऐकू येईल असे ठेवून तबकडी सुमारे एक फुटावरून जमिनीजवळ आणावी व पुन्हा वर न्यावी. खाली येताना आवाज चढला, तर संतुलनाचे बटण एका बाजूस फिरवावे. उतरला, तर दुसऱ्या बाजूस. वर-खाली करताना गुणगुण सारखीच राहू लागली, म्हणजे संतुलन साधले. काही यंत्रे हे काम आपोआप करतात. तथापि माती बदलली की संतुलन पुन्हा साधावे लागते. काळ्या रानातील संतुलन जांभ्याच्या माळावर उपयोगी पडत नाही.

ही केवळ नाणी शोधण्याची हौस नव्हे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे लष्करी अधिकारी यूझेफ कोसात्स्की यांनी स्कॉटलंडमध्ये भूसुरुंग शोधणारे यंत्र तयार केले. १९४२ मध्ये एल अलामेनच्या लढाईत अशी सुमारे ५०० यंत्रे वापरली गेली. युद्धे संपतात, पण पेरलेले सुरुंग जमिनीत तसेच राहतात. कंबोडियाच्या तांबड्या मातीत ते काढताना शोधकाला प्रत्येक आवाजापाशी गुडघे टेकून माती अलगद उकरावी लागते. काही सुरुंगांत धातू एक ग्रॅमही नसतो. जमिनीच्या गोंगाटाला कंटाळून त्याने यंत्र मंद केले, तर तो एवढासा धातू निसटेल. आणि उद्या त्याच वाटेने एखादे मूल शाळेला जाईल. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी तो त्या जागेची माती यंत्राला शिकवितो, आणि धातूचा नमुना धरून यंत्राला तो ऐकू येतो की नाही, याची खात्री करून घेतो.

ज्याला जमिनीतील धातू शोधावयाचा आहे, त्याने प्रथम जमिनीची ओळख करून घ्यावी. जे सर्वत्र सारखे आहे ते कळले, म्हणजे जे वेगळे आहे ते आपोआप उठून दिसते.

स्वाध्याय

१. बेल यांच्या दोन प्रयोगांतील अपयशाची कारणे वेगवेगळी कशी होती, ते सांगा.
२. आवाज जमिनीचा आहे की यंत्राचा, हे कसे ओळखाल?
३. संवेदनक्षमता फार कमी करण्यात कोणता धोका आहे?
४. ‘कान झाकून घेतल्यावर गलबला थांबतो, पण मग हाकही ऐकू येत नाही.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
५. तुमच्या गावच्या वाळूत लोहचुंबक फिरवा व काय आढळले, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.