पत्ता बदलला, तरी जुनेच पान का दिसते?

प्रश्न : संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवूनही काहींना जुनेच पान का दिसते?

उत्तर : संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी आयपी पत्ता शोधणारा रिझॉल्व्हर, जो बहुधा इंटरनेट पुरवठादाराचा असतो, आधी रूट सर्व्हरला, मग ‘डॉट इन’सारख्या अंत्यभागाच्या सर्व्हरला आणि शेवटी त्या नावाच्या अधिकृत सर्व्हरला विचारतो, आणि मिळालेले उत्तर ठरावीक काळ साठवून ठेवतो. टीटीएल नावाचा हा काळ नावाचा चालकच सेकंदांत ठरवतो. तो ८६४०० असेल, तर दिवसभर जुनाच पत्ता दिला जाऊ शकतो. ही साठवणूक दोष मुळीच नव्हे, कारण तिच्यावाचून प्रत्येक भेटीचा भार रूट सर्व्हरपर्यंत पोहोचला असता. म्हणून स्थलांतराच्या किमान एक दिवस आधी टीटीएल ३०० वर आणावा आणि जुना सर्व्हर काही दिवस चालू ठेवावा.