औषधाचा खर्च आणि चिठ्ठीवरील नाव

दीर्घकालीन आजार घरात आला की औषधाचा खर्च हा त्या कुटुंबाच्या डोक्यावरचा कायमचा बोजा होऊन बसतो. मधुमेह व रक्तदाब यांवरील गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात, आणि पैसा अपुरा पडला की पहिली काटछाट त्यांचीच होते. एक दिवसाआड गोळी घेणारे किंवा बरे वाटताच ती बंद करणारे रुग्ण गावोगावी आढळतात. याचे पर्यवसान पुढे पक्षाघात वा मूत्रपिंडाचे विकार यांत होऊ शकते. म्हणूनच स्वस्त औषधांचा प्रश्न हा केवळ काटकसरीचा नसून आरोग्यरक्षणाचा प्रश्न होय.

एक औषध, अनेक नावे

प्रत्येक औषधाला एक मूळ शास्त्रीय नाव असते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन, रक्तदाबावरील ॲम्लोडिपिन ही अशी नावे होत. तेच औषध निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या व्यापारी नावांनी विकतात आणि जाहिरातीचा खर्च अखेर ग्राहकाच्याच माथी पडतो. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची शिफारस १९७५ मध्येच केली होती.

जनऔषधी केंद्रे

मूळ नावाची, म्हणजेच जेनेरिक औषधे जनतेस मिळावीत या हेतूने केंद्र शासनाने २००८ मध्ये जनऔषधी योजना सुरू केली. २०१६ पासून ती प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजना म्हणून ओळखली जाते. नोव्हेंबर २०२३ मध्ये देवघर येथे दहा हजाराव्या केंद्राचे उद्घाटन झाले. येथील किंमती नामांकित व्यापारी औषधांच्या तुलनेत सामान्यतः निम्म्याहून कमी असतात. स्वस्त म्हणजे हलके, हा समज मात्र निराधार आहे. औषधाची प्रत्येक तुकडी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासूनच केंद्रांकडे धाडली जाते.

अडसर कोठे?

औषध नियमावलीतील नियम ६५ अन्वये, चिठ्ठीवर एका कंपनीचे व्यापारी नाव असल्यास औषधविक्रेत्यास त्याऐवजी दुसरे औषध परस्पर देता येत नाही, मग त्यातील मूळ द्रव्य तेच का असेना. त्यामुळे खरी बचत दुकानात नव्हे, तर डॉक्टरांच्या टेबलावरच ठरते. डॉक्टरांनी औषधांची मूळ नावे सुवाच्य अक्षरांत लिहावीत, असे वैद्यक परिषदेच्या २०१६ च्या दुरुस्तीत नमूद आहे. तेव्हा “मूळ नाव लिहून द्यावे” अशी विनंती करण्यात रुग्णाने संकोच बाळगू नये.

मात्र फेफरे, थायरॉइड किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या औषधांत कंपनीचा बदल डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून करू नये.

गावपातळीवर काय करता येईल?

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले आहेत. म्हणून पहिली विचारणा प्राथमिक आरोग्य केंद्रातच व्हावी. जवळच्या जनऔषधी केंद्राचा पत्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येईल. शिक्षकांना वर्गात औषधाच्या रिकाम्या पाकिटावरील मूळ नाव, किंमत व मुदत वाचण्याचा पाठ घेता येईल. घरातील वृद्धांची चिठ्ठी पुष्कळदा नातवंडेच वाचतात. त्यांना हे वाचन आले, तर पैशाअभावी चुकणारी गोळी चुकणार नाही.