आवाज बदलला, पात्र तेच : 'स्टार वॉर्स'ची नभोनाट्ये



मालिकेतला आवडता कलाकार मध्येच बदलला की आपण लगेच म्हणतो, "हा तो नाहीच!" पण जिथे चेहराच दिसत नाही, तिथे काय होत असेल? नभोनाट्यात पात्राची ओळख आवाजावर उभी असते. तो आवाजच बदलला तर? एक खरं उदाहरण बघू या.

नभोनाट्य कसे आले?
जॉर्ज लुकास यांचा 'स्टार वॉर्स' हा विज्ञानपट १९७७ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. लुकास ज्या विद्यापीठात शिकले, त्याच्या रेडिओ केंद्राला त्यांनी नभोनाट्याचे हक्क अवघ्या एका डॉलरला दिले. १९८१ मध्ये एनपीआर या सार्वजनिक रेडिओवरून १३ भाग प्रसारित झाले. लेखक होते ब्रायन डेली. चित्रपट दोन तासांचा, त्यामुळे इतक्या भागांसाठी त्यांनी कितीतरी नवे प्रसंग लिहिले.

कोण तेच, कोण नवे?
- ल्यूक : मार्क हॅमिल (चित्रपटातलेच)
- यंत्रमानव सी-थ्रीपीओ : अँथनी डॅनियल्स (चित्रपटातलेच)
- हान सोलो : हॅरिसन फोर्ड यांच्या जागी पेरी किंग
- राजकन्या लेया : कॅरी फिशर यांच्या जागी अ‍ॅन सॅक्स
- डार्थ व्हेडर : जेम्स अर्ल जोन्स यांच्या जागी ब्रॉक पीटर्स

मग ओळख कशी पटते?
व्हेडरचंच बघा ना. चित्रपटात मुखवट्याआड वावरले डेव्हिड प्राउझ आणि आवाज मात्र जोन्स यांचा. म्हणजे तिथेही एक पात्र दोघांनी मिळून उभं केलं होतं! रेडिओवर तिसरा माणूस आला. पण मुखवट्यातून येणारा तो घरघरता श्वास ऐकला की कुणालाही कळतं, व्हेडर आला. चित्रपटातले ध्वनी आणि जॉन विल्यम्स यांचे संगीत नभोनाट्यातही वापरले होते. शिवाय इतर पात्रं नावाने हाक मारतात, बोलण्याची ढब तीच राहते. या सगळ्या खुणा श्रोत्याला धरून ठेवतात.

खरी परीक्षा
१९८३ मध्ये दुसऱ्या चित्रपटाचे १० भाग आले. त्यात योडाला आवाज दिला जॉन लिथगो यांनी. तिसरी मालिका ६ भागांची, १९९६ सालची. या वेळी तर नायकच बदलला! ल्यूक झाले जोशुआ फार्डन. त्याच वर्षी लेखक डेली यांचे निधन झाले, पण तिन्ही कथा तोवर त्यांनी पूर्ण केल्या होत्या. चित्रपटातल्या कलाकारांपैकी तिन्ही मालिकांत टिकले फक्त डॅनियल्स.

यातून काय शिकायचे?
नव्या कलाकाराने जुन्याची नक्कल करायची नसते. पात्र कशाला घाबरतं, कशासाठी झटतं, हे समजून बोलायचं असतं. वर्गातल्या नाट्यवाचनात कुणी गैरहजर असला आणि त्याची भूमिका ऐनवेळी तुमच्याकडे आली, तर हेच लक्षात ठेवा.

करून पाहा : पाठ्यपुस्तकातला एक संवाद निवडा. डोळे मिटून दोन वेगवेगळ्या मित्रांकडून तो ऐका. पात्र कोणत्या खुणांवरून ओळखू आलं, ते पाच ओळींत लिहा.