घाटीत पेशंट नेताना

सासऱ्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि जालन्याहून त्यांना पुढे घाटीला पाठवलं, हे कळलं. घाबरू नकोस. १९५६ साली औरंगाबादला सरकारी मेडिकल कॉलेज निघालं तेव्हापासून अवघड दुखणं आलं की मराठवाडा त्या कॉलेजचा दवाखाना, म्हणजे ही घाटीच गाठतो. बीड-परभणीचीच काय, बुलढाण्याकडचीही माणसं तिथे येतात. असली हाडं तिथे नेहमीच बसवली जातात आणि ऑपरेशन करणारे हात तरबेज असतात. आयुष्यभर वॉर्डात सिस्टर म्हणून राबले आहे, म्हणून छातीठोकपणे सांगते. मोठ्या दवाखान्यात घोळ होतो तो पेशंट एका हातातून दुसऱ्या हातात जाताना. कॅज्युअल्टीतून वॉर्डात, वॉर्डातून एक्स-रेला, सकाळच्या सिस्टरकडून दुपारच्या सिस्टरकडे. मध्ये एखादी गोष्ट सांगायची राहून जाते. ती राहू न देणं हे सोबतच्या माणसाचं काम, म्हणजे तुझं.

जालन्याची चिठ्ठी, एक्स-रे, जुने रिपोर्ट, आधार आणि रेशनकार्ड एकाच पिशवीत ठेव. सगळ्याच्या झेरॉक्स काढ आणि मूळ कागद कुणाच्या हातात देऊन विसरू नकोस. सासरे घेतात त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर ने. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कॅज्युअल्टीत सांग, वॉर्डात सांग आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांग. तीनदा सांगितलं म्हणून कुणी रागावलं तरी चालेल. त्या गोळीवर ऑपरेशनची वेळ आणि भुलेचा प्रकार ठरतो.

भरती झाल्यावर आधी विचार, "आम्ही कोणत्या युनिटला?" हाडांच्या विभागात वेगवेगळी युनिटं असतात आणि प्रत्येकाचे ओपीडीचे वार ठरलेले असतात. पुढे महिनोन्‌महिने तुला त्याच युनिटकडे जायचंय. केसपेपरवर ते ठळक लिहून घे. सकाळी राउंडला मोठे सर येतात तेव्हा पेशंटजवळच थांब, चहाला जाऊ नकोस. सरांना लांबलचक हकीकत सांगायला वेळ मिळत नाही, म्हणून प्रश्न आदल्या रात्रीच लिहून ठेव. फिटनेसला काय अडलंय? ऑपरेशन कधी? उपाशी कधीपासून ठेवायचं? खुब्याचं हाड जितकं लवकर बसवतील तितकं म्हाताऱ्या माणसाला बरं. नुसतं पडून राहिलं की छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात. म्हणून ईसीजी, इको कशासाठी अडलंय हे रोज विचारायचं. भांडून नव्हे, पण रोज.

रक्त लागेल असं म्हणाले तर तिथे डोळ्यांत तेल घालून राहा. नमुना घेतल्यावर नळीवर नाव तिथल्या तिथे, खाटेजवळच लिहिलं जातंय ना, ते बघ. पिशवी आली की सिस्टर नाव, नोंदणी क्रमांक, रक्तगट आणि मुदत कागदाशी ताडून पाहते. तेव्हा तूही शेजारी उभी राहा आणि सासऱ्यांचं पूर्ण नाव मोठ्याने सांग. एकाच आडनावाचे दोघे एका वॉर्डात असणं आपल्याकडे काही नवं नाही. रक्त सुरू झालं की पहिली पंधरा मिनिटं त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवू नकोस. हुडहुडी, अंगावर गांधी, कमरेत कळ, धाप, यातलं काहीही दिसलं की लगेच सिस्टरला हाक मार. थांबून वाट बघायची नाही.

लघवीची पिशवी कमरेच्या खाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. स्ट्रेचरवर घेताना कुणीतरी ती पेशंटच्या पोटावर ठेवतं, त्याने लघवी उलटी चढते आणि जंतू आत जातात. कूस बदलणं मात्र मोडलेल्या पायामुळे मनाने करू नकोस, सिस्टरला विचारून, तिच्यासमोर शिकून घे आणि मग दर दोन तासांनी कर. सलाइनची चाकी आपण फिरवायची नाही.

वॉर्डात गर्दी असेल. एका सिस्टरच्या गळ्यात वॉर्डभर पेशंट असतात, तिच्यावर आवाज चढवून पदरात काही पडत नाही. "सिस्टर, दुपारचं इंजेक्शन झालं का?" एवढं नीट विचारलं की ती बघतेच. खरोखर हेळसांड होत असेल तर वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज दे आणि पोच घे. तोंडी तक्रार हवेत जाते.

पैशाचं बघ. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात आणि आता पांढरं रेशनकार्डही चालतं. भरतीच्याच दिवशी दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला गाठ, कारण मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. बाहेरून काही आणायची चिठ्ठी हातात आली तर ती घेऊन आधी त्याच्याकडे जा, मेडिकलवर नंतर. तरीही अडलं तर समाजसेवा अधीक्षकांना भेट. ते याचसाठी नेमलेले असतात, पण त्यांचं दार फार कमी लोक ठोठावतात याचं मला नेहमी वाईट वाटतं.

फाटकाबाहेर कुणी गोड बोलून "इथे महिना जाईल, आमच्याकडे उद्या ऑपरेशन" म्हणालं तर ऐकू नकोस. तो दलाल असतो. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून पेशंट हलवला की वाटेत काही झालं तर जबाबदारी आपली, आणि तिकडचं बिल शेतावर येतं.

घरी सोडतील त्या दिवशी घाई करू नकोस. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव, गोळ्या किती दिवस, टाके कधी काढायचे, पायावर भार कधी द्यायचा आणि पुढच्या ओपीडीचा वार, हे सगळं आहे का ते वाच. अक्षर लागलं नाही तर लिहिणाऱ्या डॉक्टरांकडूनच वाचून घे. त्याशिवाय वॉर्ड सोडू नकोस.